उघडताच बंद होणारं ऑफिस : दोष नेमका कुठे?

आज आपण एका नेहमीच्या डोकेदुखीबद्दल बोलू. लिब्रेऑफिसवर क्लिक केलं, खिडकी दिसते न दिसते तोच सगळं गायब. मग आपण काय करतो? प्रोग्राम काढतो, नव्याने टाकतो. आणि तो पुन्हा तसाच बंद पडतो. असं का?

कारण संगणकावर ऑफिसचे दोन भाग असतात. एक, खुद्द प्रोग्राम. दुसरा, आपलं यूजर प्रोफाइल. त्यात आपली सेटिंग्ज, एक्स्टेन्शन्स, टेम्प्लेट्स आणि शब्दकोशात आपण घातलेले शब्द असतात. हा फोल्डर वेगळ्या जागी असतो. प्रोग्राम काढला तरी तो सहसा तसाच राहतो. त्यातली एखादी फाइल बिघडली, तर नवा प्रोग्रामही तीच वाचणार. भांडं बदललं, विरजण तेच!

म्हणून काहीही पुसण्याआधी तपासणी करायची. आधी संगणक रीस्टार्ट करा. मागचाच प्रोग्राम पडद्याआड अडकलेला असू शकतो. मग कुठल्याही फाइलवर डबल क्लिक न करता नुसता प्रोग्राम उघडा. तो नीट उघडला आणि एकाच फाइलला बंद पडला, तर संशय त्या फाइलवर.

नुसता प्रोग्रामही टिकत नसेल, तर सेफ मोड. विंडोजच्या स्टार्ट मेनूत लिब्रेऑफिसची सेफ मोडची वेगळी नोंद असते. इथे आपलं प्रोफाइल तात्पुरतं बाजूला राहतं आणि हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशनही बंद होतं. आता प्रोग्राम टिकला, तर दोष सेटिंग्ज, एक्स्टेन्शन किंवा ग्राफिक्समध्ये. इथेही बंद पडला, तर मात्र प्रोग्राम नव्याने टाकण्यात अर्थ आहे.

सेफ मोडच्या खिडकीत 'फॅक्टरी सेटिंग्ज'चा पर्याय दिसतो. थांबा, घाई नको! संपूर्ण प्रोफाइल रीसेट केलं, तर वर्षानुवर्षं शब्दकोशात घातलेली आडनावं, गावांची नावं, बोलीतले शब्द, सगळं जाईल. मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी हे नुकसान मोठं आहे. त्याच खिडकीतल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधून प्रोफाइलचा फोल्डर उघडता येतो. त्याची प्रत दुसरीकडे ठेवा. आधी फक्त एक्स्टेन्शन्स बंद करून पाहा, मग हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन. संपूर्ण रीसेट शेवटी. तो करावाच लागला, तर नंतर जुन्या प्रतीतला 'वर्डबुक' फोल्डर नव्या प्रोफाइलमध्ये ठेवला की आपले शब्द परत येतात.

वर्ड वापरत असाल, तरी रीत हीच. कंट्रोल की दाबून ठेवून वर्ड उघडा; तो सेफ मोडबद्दल विचारेल. 'हो' म्हटल्यावर टिकला, तर अ‍ॅड-इन्स एकेक करून बंद करत चला.

थोडक्यात, आधी प्रत, मग तपासणी, आणि पुसापुशी सगळ्यात शेवटी. आता तुमचे प्रश्न घेऊ या.