गवती चहावर झाकण का ठेवावे?

पालघर जिल्ह्यातील बोईसर स्थानकावर उतरून पश्चिमेला निघाले, की तारापूरची औद्योगिक वसाहत मागे टाकून रस्ता थेट समुद्राकडे जातो. तेथे नवापूर हे किनाऱ्यावरचे गाव आहे. अशा गावात कुणी परसात औषधी वनस्पती लावायच्या म्हटल्या, तर पहिली गाठ पडते ती मिठाशी. जमिनीतल्या पाण्यात मीठ वाढले, की मुळांना ते पाणी ओढून घेणे जड जाते. माती ओली दिसते आणि झाड मात्र तहानलेलेच राहते! शिवाय खाऱ्या वाऱ्याने कोवळी पाने करपतात. उपाय साधे आहेत. तुळशीची कुंडी घराच्या पूर्वेला, वाऱ्याच्या आडोशाला ठेवावी. रेताड मातीत शेणखत भरपूर मिसळावे, म्हणजे ओल टिकते. कुंडीच्या तळाला भोक हवेच, कारण साठलेले मीठ पावसाच्या पाण्याबरोबर तेथूनच वाहून जाते.

गवती चहाचे बी मात्र शोधत बसू नका. आपल्याकडे हे गवत क्वचितच फुलते. जुन्या ठोंबातून एक-दोन फुटवे मुळांसकट वेगळे काढावेत आणि मृगाचा पाऊस पडला की लावावेत. नाव चहाचे असले तरी चहाच्या झुडपाशी याचे काही नाते नाही. हे ज्वारी आणि ऊस यांच्या कुळातले गवत आहे. त्यात कॅफीन नसते. पाती कापताना बोटे जपा, कडा चांगल्याच धारदार असतात.

आता स्वयंपाकघरात येऊ या. पावसाळ्यात सर्दी झाली, की बहुतेक घरी गवती चहा, आले आणि तुळस घालून पाणी खळखळ उकळतात. घरभर सुवास दरवळतो आणि सगळ्यांना वाटते, छान काढा झाला! खरे तर जो वास घरभर पसरला, तो पातेल्यातून निघून गेलेला असतो.

घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन हे स्वतः पडताळून पाहा. दोन सारखी पातेली घ्या. दोन्हींत सारखेच पाणी आणि सारख्याच वजनाची चिरलेली पाती वापरा. पहिल्यातील पाणी पातीसह 10 मिनिटे उघडे उकळू द्या. दुसऱ्यातील पाणी उकळले की आच बंद करून मग पाती टाका, झाकण ठेवा आणि 10 मिनिटे थांबा. दोन्ही गाळून, निवल्यावर सारख्या पेल्यांत ओता. कोणता पेला कोणता हे न सांगता चार-पाच जणांना वास घ्यायला सांगा आणि प्रत्येकाचे उत्तर लिहून ठेवा.

गवती चहाचा लिंबासारखा वास मुख्यतः सिट्रल या द्रव्याचा असतो. येथे एक कोडे उभे राहते. सिट्रलचा उत्कलनबिंदू आहे सुमारे 229 अंश सेल्सियस. पाणी तर 100 अंशांच्या वर तापतच नाही. मग सिट्रल उडून कसे जाते?

याचे उत्तर असे. द्रव उकळत नसतानाही त्याची थोडी वाफ होतच असते आणि त्या वाफेला स्वतःचा दाब असतो. पाणी आणि तेल एकमेकांत विरघळत नाहीत, त्यामुळे दोघांच्या वाफांचे दाब एकत्र मिळतात. त्यांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते, आणि ते 100 अंशांच्या किंचित खालीच घडते. तेलाचा दाब थोडा असला तरी पाण्याच्या वाफेबरोबर तेही निघून जाते. अत्तरे आणि सुगंधी तेले काढणारे कारखाने हीच युक्ती मुद्दाम वापरतात. ते वाफ थंड करून तेल गोळा करतात. आपण मात्र ती खिडकीतून सोडून देतो. झाकण ठेवले की वाफ त्यावर थिजते. झाकणाच्या आतले थेंब पातेल्यातच पडू द्या.

तुळशीतील युजेनॉल आणि पानओव्यातील कार्व्हाक्रॉल यांनाही हाच नियम लागू. (ज्याच्या पानांची आपण भजी करतो, तो पानओवा आणि मसाल्यातला ओवा यांचा वास मिळताजुळता असला, तरी त्यांची कुळे निराळी आहेत.)

अडुळशाची गोष्ट अगदी उलटी. त्याच्या पानांत व्हॅसिसीन नावाचे कडू अल्कलॉइड असते. ते असे वाफेबरोबर उडून जात नाही. म्हणून अडुळशाचे पाणी आटवून काढा करण्याची जुनी रीत रास्तच आहे. याच व्हॅसिसीनच्या रचनेवरून 1960 नंतरच्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध घडवले. खोकल्याच्या कितीतरी औषधांच्या बाटल्यांवर हे नाव तुम्हाला वाचायला मिळेल. अडुळसा शेळ्या सहसा खात नाहीत, त्यामुळे कुंपणाला फार चांगला. परंतु गर्भवती स्त्रियांनी तो घेऊ नये, कारण व्हॅसिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावते.

यावरून गुळवेलीचे आठवते. करोनाच्या साथीत, 2020 मध्ये, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून अनेकांनी तिचा काढा रोज घ्यायला सुरुवात केली. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये अशा सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की वनस्पती गुळवेलच होती हे तपासलेलेच नाही. दिसायला तशाच दुसऱ्या वेली आहेत. पुढे 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतील कित्येकांच्या यकृतावर त्यांच्याच प्रतिकारयंत्रणेने हल्ला चढवल्याची लक्षणे होती. प्रतिकारशक्ती चेतवणे ही नेहमीच हिताची गोष्ट असते, असे नाही.

गुळवेल शाळेच्या बागेत जरूर लावा, पण निरीक्षणासाठी. तिच्या खोडाची साल पातळ कागदासारखी सुटते. तिची जवळची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा हिच्या खोडावर मात्र पुष्कळ गाठी-पुळ्या असतात. खोडाचा आडवा काप घेऊन भिंगाखाली धरा. चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसेल. ती वहीत काढून ठेवा आणि कुंडीवर नावाची पट्टी लावा. रस्त्याच्या किंवा सांडपाण्याच्या नाल्याकाठची पाने तर कोणत्याच चहासाठी तोडू नका, कारण मातीतले शिसे-कॅडमियमसारखे जड धातू मुळांवाटे पानांत पोचू शकतात, आणि ते ना वाफेबरोबर उडतात, ना उकळून नाहीसे होतात.