स्पीकरची तहान

नेपियर हे न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचं, हॉक्स बेच्या किनाऱ्यावरचं छोटं शहर. १९३१ च्या भूकंपात ते जमीनदोस्त झालं आणि आर्ट डेको घडणीच्या इमारतींनी पुन्हा उभं राहिलं. पर्यटक त्या इमारती पाहायला जातात. मला ते शहर आठवतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. १९७४ मध्ये पीटर पेरो यांनी स्वतःच्या नावाने अ‍ॅम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली, ती तिथे. पुढे त्याच देशात अ‍ॅम्प्लिफायर बनवणारं प्लिनियस हे नाव उभं राहिलं. जगाच्या नकाशाच्या कोपऱ्यातल्या देशात हे कसब कुठून आलं असेल? १९३८ पासून काही दशकं तिथे परदेशी माल आणायला परवाना लागायचा. आपल्याकडच्या परवाना-राजची आठवण असलेल्यांना सांगायला नको: जे विकत मिळत नाही ते माणूस हाताने करायला शिकतो.

या अ‍ॅम्प्लिफायरांची खरी कसोटी जुन्या, हट्टी स्पीकरांपुढे लागते. असा स्पीकर घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला: याला किती वॅटचा अ‍ॅम्प लावू? आणि इथेच मला दरवेळी नव्याने नवल वाटतं, कारण किती वॅट जाणार हे अ‍ॅम्प एकटा ठरवतच नाही. अ‍ॅम्प फक्त व्होल्टचा दाब धरून ठेवतो. त्या दाबाखाली किती प्रवाह ओढायचा, हे स्पीकर ठरवतो.

२० व्होल्ट धरा. ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर ओढतो, म्हणजे ५० वॅट. ४ ओहमचा १०० वॅट, २ ओहमचा २००. आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत अपोजी कंपनीने सिंटिला नावाचा रिबन स्पीकर काढला, तो चक्क १ ओहमचा! त्याच २० व्होल्टला त्याची भूक २० अँपिअर, ४०० वॅट. चाळीत सगळ्यांनी एकदम नळ सोडले की तिसऱ्या मजल्यावर नुसती धार ठिबकते, तसं लेच्यापेच्या अ‍ॅम्पचं होतं. टाकी तीच असते, पण दाब टिकत नाही. म्हणून अ‍ॅम्प निवडताना डब्यावरच्या वॅटपेक्षा मी आधी त्याचा ट्रान्सफॉर्मर किती जड आहे ते हातात उचलून बघतो. पेरोंनी मॉसफेट जातीचे ट्रान्झिस्टर वापरले, त्यामागचं शहाणपणही इथेच कळतं. मोठा प्रवाह वाहताना तापले की ते आपणहून प्रवाह आवरतात, त्यामुळे अवघड ओझ्याखाली जळून जाण्याची भीती कमी.

बरं, स्पीकरचे ओहम हा काही एक आकडाही नसतो. सुरागणिक तो बदलतो. १९५७ मध्ये इंग्लंडच्या पीटर वॉकर यांनी विकायला काढलेला क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक घ्या. त्याला शंकू नाही, चुंबक नाही. हजारो व्होल्टचा विद्युतभार दिलेला, ताणून बसवलेला प्लॅस्टिकचा तलम पडदा हवेत थरथरतो, एवढंच. खर्जात हा स्पीकर ३० ओहमच्या वर असतो आणि अगदी वरच्या सुरांत २ ओहमच्या खाली घसरतो. त्याचा जोडीदार क्वाड २ हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प अवघ्या १५ वॅटचा, तरी दोघांचं जमलं, कारण संगीतात तेवढ्या वरच्या पट्टीत ताकद फार थोडी असते. उलट थोराड अ‍ॅम्पच इथे घातक. शिखराला ३३ व्होल्टच्या पलीकडे गेलात तर आत ठिणगी पडून पडदा जळू शकतो.

दुसऱ्या टोकाला बीबीसीने १९७० च्या दशकात घडवलेला एलएस ३/५ए हा छोटा स्पीकर. १ वॅटला १ मीटरवर त्याचा आवाज जेमतेम ८३ डेसिबल. अमेरिकेचा क्लिपशहॉर्न, कोपऱ्यात बसणारा तो अवाढव्य भोंगा, तेवढ्याच वॅटला सुमारे १०४. फरक वीस-एकवीस डेसिबलचा, पण ताकदीच्या हिशोबात शंभर पटीहून जास्त! भोंगा एका वॅटमध्ये जे करतो त्यासाठी या छोट्याला शंभराहून जास्त वॅट लागतील, आणि तेवढे त्याला सोसणारही नाहीत.

हे सगळं कानाने कसं ओळखायचं? विलंबित ख्याल लावा. संथ आलापीला १ वॅट पुरतो. मग तबल्यावर थाप पडते, सरासरीच्या १० डेसिबल वर, आणि त्या क्षणापुरते १० वॅट लागतात. २० डेसिबल वर गेली तर १००. अ‍ॅम्पपाशी तेवढे नसले तर लाटेचा माथा सपाट कापला जातो, आवाज फाटतो. पण तबल्याकडे लक्ष देऊ नका, तानपुरा ऐका. त्याची बारीक लहर थापेच्या मोठ्या लाटेवर स्वार असते. माथा कापला की त्यावरचा तानपुराही तेवढा वेळ कापला जातो. थापेसरशी तानपुऱ्याची जवारी, म्हणजे त्याची झणकार, क्षणभर विझते आणि परत येते. जिथे ती विझत नाही, तिथे जोडी जमली.