क्षेत्रकपात अनुदान

शेतमालाचे भाव सावरण्यासाठी, नेहमीच्या क्षेत्रापैकी काही भागात विशिष्ट पीक न घेण्याच्या कराराबद्दल शासनाने शेतकऱ्यास दिलेली रोख रक्कम. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही पद्धत १९३३ पासून मोठ्या प्रमाणावर अमलात आली. आर्‌कॅन्सॉ राज्यातील मिसिसिपीकाठच्या कापूसप्रदेशाचा अनुभव या बाबतीत उद्‌बोधक आहे. जमिनीशी जोडलेले अनुदान जमीन कसणाऱ्याच्या हाती पडतेच असे नाही, हे तेथे स्पष्ट झाले.

पार्श्वभूमी : कापसाचा भाव १९२९ मध्ये पौंडास सु. १७ सेंट होता. १९३१ मध्ये तो ६ सेंटांखाली घसरला. फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत १२ मे १९३३ रोजी कृषिसमायोजन अधिनियम संमत झाला. शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्यांवर कर बसवून अनुदानाचा निधी उभारण्याची त्यात तरतूद होती. तोवर कपाशीची पेरणी झालेली असल्याने त्या वर्षी सु. १ कोटी एकरांवरील उभे पीक नांगरून टाकण्यात आले.

वाटणी : या प्रदेशातील बरीचशी जमीन मोठ्या मळेवाल्यांकडे असून ती कृष्णवर्णीय व गौरवर्णीय वाटेकरी निम्म्या पिकाच्या मोबदल्यात कसत. १९३४-३५ च्या करारान्वये, सोडलेल्या क्षेत्राबद्दलचा पौंडामागे साडेतीन सेंट हा खंड सर्वस्वी मळेवाल्यास मिळे. वाटेकऱ्याचा हक्क पौंडामागे एक सेंट या पूरक रकमेच्या निम्म्या भागापुरताच होता, आणि तीही मळेवाल्यामार्फत दिली जाई. कुळांची नेहमीची संख्या शक्यतो कायम ठेवावी, असे करारातील सातवे कलम सांगे. परंतु ‘शक्यतो’ या शब्दामुळे ते निष्प्रभ ठरले. लागवड घटताच अनेक कुटुंबांना मळे सोडावे लागले. स्थानिक समित्यांवर जमीनमालकांचेच वर्चस्व असल्याने दाद मागणेही कठीण झाले.

प्रतिक्रिया : जुलै १९३४ मध्ये टायरॉन्झा या गावाजवळ दोन्ही वर्णांच्या वाटेकऱ्यांनी दक्षिणी कूळ-शेतकरी संघ स्थापन केला. सातव्या कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावणारे जेरोम फ्रँक व त्यांचे काही सहकारी यांना फेब्रुवारी १९३५ मध्ये कृषिखात्यातून दूर करण्यात आले. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ योजना घटनाबाह्य ठरविली; तथापि मृदसंधारणाच्या निमित्ताने त्याच वर्षी अनुदाने पुन्हा सुरू झाली. नव्या नियमांनी कुळांचा वाटा वाढविला, तेव्हा संपूर्ण रक्कम आपल्याकडे राहावी म्हणून काही मालकांनी वाटेकऱ्यांऐवजी रोजंदारीचे मजूर ठेवले. अनुदानाचा पैसा ट्रॅक्टर घेण्यासही उपयोगी पडला. दक्षिणेतील वाटेकऱ्यांची संख्या १९३० मधील सु. ७·७६ लाखांवरून १९४० मध्ये सु. ५·४१ लाखांवर आली. या घटीस यांत्रिकीकरण व मंदी हीही कारणे होती.

मोठ्या जमीनदारांकडे जाणाऱ्या रकमांवर १९७० च्या कायद्याने प्रत्येक पिकास ५५,००० डॉलरांची कमाल मर्यादा घातली. १९९६ मध्ये अनुदानाचा चालू उत्पादनाशी असलेला संबंध बव्हंशी तोडण्यात आला, तर २०१४ मध्ये थेट वार्षिक अनुदान रद्द होऊन भाव व उत्पन्न यांच्या घसरणीशी निगडित साहाय्य प्रमुख झाले.

भारतात क्षेत्रकपातीचा प्रश्न नसला, तरी मूळ अडचण तीच आहे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वार्षिक ६,००० रु. भूधारकास मिळतात. महाराष्ट्रात त्यासाठी भूमिअभिलेखातील नोंद पाहिली जाते; दुसऱ्याची जमीन बटाईने वा खंडाने कसणारा तीवरील साहाय्यास पात्र ठरत नाही.