पंप गेलाय, असं ठरवण्याआधी

बरीच वर्षं उभी असलेली गाडी सुरू होत नाही म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: बॅटरी बदला. नव्या बॅटरीवर स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. मग दुसरं निदान येतं: ‘फ्युएल पंप गेला.’ पुष्कळदा ते खरंही निघतं. पण पंप मुका आहे म्हणजे तो मेला असं नाही. त्याच्यापर्यंत वीज पोहोचत नसेल, हुकूम पोहोचत नसेल किंवा त्याच्या तोंडाशी कचरा बसला असेल. या तिन्हींत फरक करायला दहा-बारा डॉलरचा मल्टिमीटर, इंडिकेटरचा एक बल्ब आणि थोडा धीर पुरतो. आमच्या घरातल्या एका गाडीचं भवितव्य गेल्या वर्षी याच फरकावर ठरणार होतं, म्हणून हा लेख.

गाडी बडोद्यातली नाही, न्यू जर्सीतली. माझ्या आत्याचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, यांची १९९२ सालची माझदा एमएक्स-५, जिला अमेरिकेत ‘मियाटा’ म्हणतात. काका २०१७ मध्ये गेले आणि तेव्हापासून गाडी गॅरेजमध्ये उभी. आता आत्या घर विकून मुलाकडे राहायला जाणार होती. गॅरेज रिकामं करायला तीन आठवडे होते. तिथल्या एका मेकॅनिकने गाडी बघून पंप, फिल्टर आणि मजुरी मिळून नऊशे डॉलर सांगितले, वर ‘एवढं करूनही चालेलच असं नाही’ हेही सांगितलं. भंगारवाला गाडी फुकट उचलून न्यायला तयार होता. आत्या म्हणाली, “तुम्ही दोघं बघा काय ते, पण मला उगाच आशा लावू नका.” मग मी आणि आतेभाऊ दोन रविवार व्हिडिओ कॉलवर बसलो. इथे संध्याकाळ, तिकडे सकाळ.

गाडीची थोडी ओळख

एमएक्स-५ पहिल्यांदा लोकांसमोर आली फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. दोन सीट, उघडं छत, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि वजन हजार किलोच्या आत. सुरुवातीच्या गाड्यांत १५९८ सीसीचं इंजिन होतं. साठच्या दशकातल्या लहान ब्रिटिश स्पोर्ट्स कारची मजा, पण जपानी भरवशाची, अशी ती कल्पना. २०१६ मध्ये या मालिकेतली दहा लाखावी गाडी बाहेर पडली. आपल्यासाठी महत्त्वाचं हे की गाडी साधी आहे, तिची माहिती उपलब्ध आहे आणि बहुतेक गोष्टींपर्यंत हात पोहोचतो.

उभ्या गाडीत नेमकं काय होतं?

पेट्रोल म्हणजे अनेक द्रव्यांचं मिश्रण. त्यातली चटकन पेटणारी हलकी द्रव्यं हळूहळू उडून जातात. उरलेल्याची हवेतल्या प्राणवायूशी प्रक्रिया होऊन चिकट राळ तयार होते. वार्निशसारखा तिचा वास टाकीचं झाकण उघडताच येतो. त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतलं पाणी शोषतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप पेट्रोल ओढतो तो तळाजवळूनच. दुसरीकडे दमट हवेत वायरिंगच्या टोकांवर हिरवा-पांढरा थर चढतो. म्हणजे उभ्या गाडीत इंधनाचा आणि विजेचा, असे दोन बिघाड शांतपणे एकाच वेळी वाढत असतात. एक सापडला की दुसरा नाही, असं धरून चालता येत नाही.

आधी खात्री, मग संशय

पहिल्या रविवारी पंपाला हातच लावला नाही. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, इंजिन पान्याने हाताने फिरवलं. मोकळं फिरलं. तेल बदललं, नवी बॅटरी बसवली (या गाडीत ती डिकीत असते) आणि प्लग परत लावले. स्टार्टर जोमात फिरला, इंजिन गप्प. मग हवेच्या नळीत स्टार्टर स्प्रेचा छोटासा फवारा मारला. इंजिन दोन सेकंद धडधडलं आणि बंद पडलं. त्या दोन सेकंदांनी बरंच सांगितलं: ठिणगी आहे, तिची वेळ बरोबर आहे, कॉम्प्रेशन आहे. नाही ते फक्त पेट्रोल.

आता एक गंमत. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत चावी ‘ऑन’ केली की पंप दोनेक सेकंद गुणगुणतो. मेकॅनिकने तो आवाज आला नाही म्हणून पंप बाद ठरवला होता. पण १९९३ पर्यंतच्या १.६ लिटर एमएक्स-५ मध्ये नुसत्या चावीवर पंप चालतच नाही. स्टार्टर फिरत असताना रिले त्याला चालू करतो. इंजिन सुरू झाल्यावर आत ओढलेल्या हवेने एअरफ्लो मीटरमधली झडप उघडते आणि तिथला स्विच पंप चालू ठेवतो. इंजिन थांबलं की हवा थांबते आणि पंपही थांबतो. तेव्हा या गाडीत चावी फिरवल्यावरची शांतता हा पुरावाच नाही. प्रोग्राम काय करायला हवा हे ठाऊक नसताना त्याच्या वागण्याला ‘बग’ म्हणता येत नाही, तसंच हे.

पंपाला मुद्दाम चालवायची सोय माझदाने बॉनेटखालीच दिली आहे. ‘डायग्नोसिस’ लिहिलेल्या छोट्या डबीत ‘एफ/पी’ आणि ‘जीएनडी’ अशी दोन टोकं आहेत. ती वायरच्या तुकड्याने जोडून चावी ऑन केली की रिले ओढला जातो आणि पंप चालायला हवा. इथे चालला आणि स्टार्टरवर चालला नाही, तर दोष हुकूम देणाऱ्या बाजूचा. इथेही चालला नाही, तर दोष रिले, वायरिंग किंवा पंपात. आमच्याकडे डॅशबोर्डखाली रिलेची ‘टक’ ऐकू आली. पंप मात्र गप्प. अर्धी गाडी एका वायरीच्या तुकड्याने संशयातून सुटली.

बारा व्होल्ट आहेत, पण आहेत का?

सीटांच्या मागचा गालिचा उचलून पत्र्याचं झाकण काढलं की पंपाचा कनेक्टर दिसतो. तो सोडवून भावाने मल्टिमीटर लावला: १२.३ व्होल्ट. “वीज तर आहे. म्हणजे पंपच गेला,” तो म्हणाला. बहुतेक जण इथेच थांबतात आणि पंप मागवतात.

मी त्याला मीटरऐवजी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडायला सांगितला. बल्ब कसाबसा लालसर झाला. कारण असं: डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्यातून जवळजवळ करंट जातच नाही, म्हणून वायरचा एकच तंतू शाबूत असला तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो आणि पंप त्याहून जास्त. गंजामुळे वाटेत फक्त १ ओहमचा अडथळा आला आणि पंपाने ४ अँपिअर ओढले, तर ४ व्होल्ट त्या गंजातच संपतात. रिकाम्या रस्त्यावरून स्कूटर गेली म्हणून ट्रकही जाईल असं नसतं.

मग बल्बची ग्राउंडची बाजू कनेक्टरमधून काढून गाडीच्या घासून स्वच्छ केलेल्या पत्र्याला लावली. लख्ख उजेड. म्हणजे येणारी वीज ठीक, परतीची वाट खराब. त्या वायरचं टोक जिथे बॉडीला बोल्टने आवळलं होतं तिथे हिरवट भुकटी निघाली. टोक घासून पुन्हा घट्ट आवळलं, कनेक्टर लावला, पुन्हा वायरचा तुकडा. यावेळी टाकीतून गुणगुण ऐकू आली. ती ऐकून स्वयंपाकघरातून आत्या बाहेर आली.

इंजिन तरीही सुरू झालं नाही.

आवाज म्हणजे दाब नव्हे

पंप फिरतो हे सिद्ध झालं, तो काम करतो हे नाही. इंजेक्टरला पेट्रोल दाबाने लागतं, या इंजिनात साधारण ४० पीएसआयच्या आसपास. अमेरिकेत सुट्या भागांची बरीच दुकानं अनामत रक्कम घेऊन अवजारं वापरायला देतात. तिथून प्रेशर गेज आणला. काटा १५ च्या पुढे जाईना. दुसऱ्या रविवारी जुनं पेट्रोल उपसून पंपाची जुळणी बाहेर काढली. पंपाच्या तोंडावरची जाळी तपकिरी राळेने माखली होती आणि आतला छोटा होज फुगून मऊ झाला होता. नवी जाळी, नवा फिल्टर आणि नवा होज घातला. हा होज पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेलाच लागतो. साधा फ्युएल होज बाहेरूनही पेट्रोलने सडतो. टाकी पुसली, ताजं पेट्रोल घातलं. दाब ४०. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झालं.

खर्च, बॅटरी आणि तेल सोडून, सत्तर डॉलरच्या आत. त्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते असं: ग्राउंड न तपासता नवा पंप बसवला असता, तर तोही गप्पच राहिला असता आणि ‘गाडीत राम नाही’ यावर शिक्कामोर्तब झालं असतं. चुकीच्या निदानाने पैसे जातात हे खरं, पण त्याहून वाईट म्हणजे दुरुस्त होणाऱ्या वस्तूवरचा विश्वास जातो.

आपल्याकडच्या उभ्या गाड्यांसाठी

मुलं परदेशी, आईवडील इथे आणि बंगल्यात एक झाकलेली गाडी, हे दृश्य आपल्याकडेही ओळखीचं आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

- काही महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. हवा कमी, तर दमटपणा कमी. ताज्या पेट्रोलमध्येच स्टॅबिलायझर घालून इंजिन काही मिनिटं चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोहोचतं.
- वर्षानुवर्षं उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून घेणं बरं.
- जुनं पेट्रोल टाकीत असताना ‘बघू तरी’ म्हणून स्टार्टर मारत बसू नका. पंप पेट्रोलनेच थंड राहतो आणि राळ ओढली की तीच पुढे इंजेक्टरमध्ये बसते.
- काम उघड्यावर करा, जवळ अग्निशामक ठेवा. पेट्रोलची जोडणी सोडण्याआधी लाइनमधला दाब उतरवा आणि बॅटरी सोडवा. टाकी उघडी असताना बल्बची चाचणी कधीही नको.
- पंप बदलायला सांगितलं तर एवढंच विचारा: “लोडवर व्होल्टेज किती आलं? दाब किती आला?” चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही.

आत्याने काय केलं, हे विचाराल. भावाने तिला शेजारी बसवून कॉलनीत दोन फेऱ्या मारल्या. तिसरीला ती म्हणाली, “पुरे, आता विका.” गाडी पुढच्या आठवड्यात एका तरुण जोडप्याने चालवत नेली. भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं ते आत्यानेच.