परसवाड्याचा मोह, वैनगंगेचा सारस: वसंतातली नोंदवही कशाला?

होळीच्या आगेमागे गोंदिया-बालाघाट पट्ट्यात पळस पेटलेला असतो, काटेसावरीवर मैना आणि भोरड्यांचा गोंधळ चालू असतो. अशा दिवसांत पक्षीमित्र, शाळांचे हरित गट, निसर्गमंडळाची पोरं दुर्बीण अडकवून निघतात. बघणाऱ्याला वाटतं, सहल आहे. सहल असतेच थोडी, त्यात वाईट काय? पण परत आल्यावर वहीत काय उतरलं, यावर त्या फेरीची किंमत ठरते. हे आपल्या भागाला सारसाने शिकवलं आहे.

सारस हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच. जवळजवळ सहा फूट, म्हणजे माणसाएवढा. उत्तर प्रदेशात तो हजारोंनी आहे. महाराष्ट्रात मात्र मुख्यतः गोंदिया आणि थोडाफार भंडारा, इतकाच उरला आहे. वैनगंगा आणि बाघ नदीच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यातही त्याची वस्ती आहे. दोन राज्यांच्या मधल्या रेषेचं त्याला काय! रात्री एका काठावर, सकाळी चरायला दुसऱ्या काठावरच्या धानात.

म्हणूनच त्याची गणती अवघड. इकडे आज मोजले आणि तिकडे आठवड्याने, तर एकच जोडी दोनदा तरी मोजली जाईल किंवा दोन्हीकडून सुटेल. गोंदियाची सेवा संस्था, वन विभाग आणि शेतकरी मिळून गेली अनेक वर्षं उन्हाळ्याच्या शेवटी ही गणती करतात, आणि त्यात बालाघाटचा भागही धरला जातो. पहाटे एकाच वेळी वेगवेगळ्या पथकांनी रात्रमुक्कामाच्या जागांवर हजर राहायचं, कारण ऊन वर आलं की पक्षी शेतांत पांगतात. पावसाळा लागला की जोड्या घरट्यांसाठी वेगवेगळ्या बांध्यांत जातात, मग मोजणं आणखी कठीण.

गणती उन्हाळ्याच्या टोकाला असली तरी तयारी वसंतातच करावी लागते. कोणत्या तलावात, बोडीत मे महिन्यापर्यंत पाणी टिकेल? कुठे बेशरमच्या झुडपांनी काठ गिळला? उन्हाळी धान कोणत्या गावात लागलं आहे, कोणत्या वाटेवर विजेच्या तारा खाली लोंबतात? एवढा मोठा पक्षी तारेसमोर पटकन वळू शकत नाही. आणि शेतकऱ्याशी बोलणं सगळ्यांत महत्त्वाचं. सारस धानाच्या बांधीतच घरटं करतो, साधारण दोन अंडी घालतो आणि महिनाभर उबवतो. घरट्यापायी पीक तुडवलं जातं, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. तिथे वर्षभर ओळख असलेला माणूस गेला तर घरटं वाचतं. ऐन पावसात पहिल्यांदाच जाऊन उपदेश केला तर कोण ऐकणार?

या वह्यांचा उपयोग झाला. सारस कमी होत चालल्याची बातमी आली आणि 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. पुढे गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत सारस संवर्धन समित्या झाल्या. वर्षानुवर्षांचे आकडे नसते तर 'पूर्वी खूप दिसायचे हो' एवढंच म्हातारी माणसं सांगत राहिली असती. त्यावर कोर्ट काय करणार?

आता परसवाड्याकडे. इथला वाचक म्हणेल, आमच्याकडे जंगल-डोंगर, सारसाचं आम्हाला काय? बरोबर आहे. बैहरला लागून असलेल्या या तहसीलीत, गोंड आणि बैगांच्या गावांत, वसंत म्हणजे मोह. मार्च-एप्रिलमध्ये पानं झडलेल्या झाडाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो आणि अख्खं घर टोपल्या घेऊन निघतं. फुलं वाळवून खायला, विकायला. नंतर बियांचं, म्हणजे गुल्लीचं तेल. ज्याच्या घरात नगद पैसा क्वचितच येतो, त्याच्यासाठी हे काही आठवडे मोठे.

गोची एकच. वाळलेल्या पानांत फुलं दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. वारा सुटला की ती आग रानात शिरते. मोठी झाडं बहुधा तगतात, पण रोपं करपतात, जमिनीवर अंडी घालणाऱ्या रातव्याचं आणि तित्तिराचं घरटं जातं. उद्याचा मोहही त्या रोपांतच असतो. जाळणाऱ्याला नुसतं गुन्हेगार ठरवून हे थांबणार नाही. पाला झाडून बाजूला ओढणं किंवा झाडाखाली जाळी, जुनी लुगडी पसरणं हा उपाय आहे, आणि त्यात फूलही स्वच्छ मिळतं. पण त्याला मेहनत लागते. शाळेतली पोरं सकाळी तासभर मदतीला आली, तर निसर्गमंडळाचा याहून चांगला उपक्रम कोणता?

सोबत वही हवीच. देशभर सीझनवॉच नावाचा उपक्रम चालतो, त्याची पद्धत कुणालाही जमेल अशी. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला तेच झाड बघायचं. कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं: नाहीत, थोडी, की भरपूर, एवढंच लिहायचं. पक्ष्यांसाठी दर फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट होतो. भारतात तो 2013 पासून चालू आहे. किमान पंधरा मिनिटं एका जागी पाहून दिसलेल्या पक्ष्यांची यादी नोंदवायची. नाव कळलं नाही तर ते सोडून द्यावं, अंदाजाने लिहू नये.

एका वर्षाच्या नोंदीतून फार काही कळत नाही. पाच-सात वर्षांनी मात्र दिसतं, मोह लवकर फुलतो का, अवकाळी पावसाने सडा कुजला ते साल कोणतं, आग कोणत्या आठवड्यात लागते. मोह वेचणाऱ्या आजीला यातलं बरंच तोंडपाठ असतं, तेव्हा पहिली पानं तिच्याकडूनच लिहून घ्यावीत. झाडाला ओळखीचा आकडा द्यायचा तर रंगाने; खिळा ठोकू नये. आणि तारीख घालायला विसरू नये.