सोयाबीन पिवळे का पडते?

जुलै महिन्यात आठ-दहा दिवसांची झड लागून उघडीप मिळाली, की वाशीम जिल्ह्यात कृषी केंद्रांच्या पायरीवर एकच दृश्य दिसते. पिशवीत नाही तर थेट हातात सोयाबीनची उपटलेली दोन-चार झाडे घेऊन शेतकरी येतात आणि 'पीक पिवळे पडले, काय मारायचे?' असे विचारतात. मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा असो, रिसोड असो की मंगरुळपीर, प्रश्न तोच. जिल्ह्यातील खरिपाचे निम्म्याहून अधिक क्षेत्र सोयाबीनखाली असल्याने दुकानदाराचे उत्तरही बहुधा ठरलेले असते: एक विद्राव्य खत, एक टॉनिक, एक कीटकनाशक आणि जोडीला एखादे बुरशीनाशक. चार बाटल्यांपैकी एखादी लागू पडेल, हा त्यामागचा हिशेब.

या हिशेबात एक गोष्ट सुटते. पिवळेपणा हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. माणसाला ताप यावा तसा. पानाचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे असतो. त्या द्रव्याच्या रेणूत नत्र आणि मॅग्नेशियम असते. लोह त्यात नसते, पण लोहाशिवाय ते तयारच होत नाही. यांपैकी काहीही कमी पडले, मुळे गुदमरली, खोड पोखरले गेले किंवा विषाणू शिरला, तरी पान पिवळेच पडणार. कारणे अनेक आणि रंग एक, म्हणून केवळ रंग पाहून औषध देता येत नाही. पाहायचे असते ते हे, की पिवळेपणा झाडाच्या कोणत्या भागात सुरू झाला, पानावर त्याची नक्षी कशी आहे आणि शेतात तो कोठे दिसतो.

शेंडा की बुडखा?

निदानाची पहिली पायरी झाडातील अन्नद्रव्यांच्या हालचालीवर अवलंबून आहे. नत्र, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात फिरती असतात. तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ती काढून कोवळ्या शेंड्याला पुरवते. त्यामुळे खालची पाने आधी पिवळी होतात. लोह मात्र एकदा पानात बसले, की तेथून सहसा हलत नाही. म्हणून लोहाची उणीव असेल तर खालची पाने हिरवीगार राहतात आणि शेंड्याकडील नवी पाने पिवळी येतात.

झडीनंतर वऱ्हाडात दिसणारा पिवळेपणा पुष्कळदा याच दुसऱ्या प्रकारचा असतो. पानाचा मधला भाग फिकट पिवळा होतो, शिरा मात्र हिरव्या राहतात. जणू पिवळ्या कापडावर हिरव्या धाग्याची जाळी विणली आहे. उणीव तीव्र झाली तर कोवळे पान जवळजवळ पांढरे पडते.

येथे एक विसंगती आहे. वऱ्हाडातील काळी माती ज्या बेसॉल्ट खडकापासून बनली, त्यात लोह भरपूर असते. लोहाच्या ढिगावर उभे राहून पीक लोहासाठी उपाशी राहते, असा हा प्रकार. मातीतील बहुतेक लोह न विरघळणाऱ्या रूपात असते. सोयाबीनचे मूळ स्वतःभोवती आम्ल सोडते, लोहाचे रूप बदलते आणि मगच ते आत घेते. चुनखडीयुक्त जमिनीत पाणी साचले, की मातीतील हवा कोंडते, मुळांच्या व सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून निघालेला कर्बवायू तेथेच अडकतो आणि चुनखडीशी मिळून बायकार्बोनेट तयार होते. मुळाने सोडलेले आम्ल ते लगेच मारून टाकते. लोह मातीत आहे, मूळही शाबूत आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. शेताच्या सखल भागात, बांधालगत किंवा जेथे नांगराला चुनखडीचे पांढरे खडे लागतात तेथे पिवळे पट्टे आधी दिसतात, ते यामुळेच.

म्हणून या पिवळेपणावरचा पहिला उपाय बाटलीत नसून कुदळीत आहे. साचलेल्या पाण्याला चर काढून वाट करून दिली आणि जमीन वाफशावर आली, की अनेकदा नवी पाने आपोआप हिरवी येऊ लागतात. तरीही पिवळेपणा टिकला, तर दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजेच हिराकस, आणि 25 ग्रॅम चुना घालून, द्रावण गाळून फवारावे, अशी शिफारस आहे. द्रावण ताजेच वापरावे लागते. ठेवले तर तांबूस होते आणि त्यातील लोह निकामी होते. खात्री नसल्यास संपूर्ण शेत फवारण्याऐवजी चार झाडांच्या पानांवर हे द्रावण लावून पाहता येते. काही दिवसांत तेवढीच पाने हिरवी झाली, तर निदान पक्के. या चाचणीला खर्च जवळजवळ नाही, आणि ती फारसे कोणी करत नाही.

खालची पाने सरसकट, शिरांसह फिकट पडली असतील तर संशय नत्रावर घ्यावा. मात्र लगेच युरियाचे पोते उघडण्यापूर्वी एक झाड मातीसह हलकेच उकरून मुळे पाहावीत. सोयाबीन हे हवेतील नत्र घेणारे पीक आहे. मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू ते काम करतात. गाठ नखाने फोडली असता आत गुलाबी-लालसर रंग दिसला, तर कारखाना सुरू आहे. आतून हिरवट किंवा करडी असेल तर तो बंद पडला आहे आणि त्याचे कारण बहुधा साचलेले पाणी किंवा पेरणीच्या वेळी न लावलेले जिवाणू संवर्धक हे असते. युरियाचा मोठा हप्ता दिला तर झाड लुसलुशीत वाढते, किडींना आमंत्रण मिळते आणि उरल्यासुरल्या गाठीही आळसावतात.

इतर उणिवा त्यामानाने कमी गोंधळ घालतात. पालाश कमी पडले, की जुन्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन करपतात. गंधकाची कमतरता नव्या पानांवर दिसते, पण शिरा हिरव्या राहत नाहीत. सारे पान एकसारखे फिकट होते. तणनाशकाच्या फवारणीनंतर काही दिवस शेंडे पिवळे दिसतात, ते पुढे आपोआप सावरतात. तेवढा धीर धरणे जमले पाहिजे.

हळद्याची ओळख

खरी भीती आहे ती पिवळ्या मोझॅकची. या विषाणूजन्य रोगाला शेतकरी 'हळद्या' म्हणतात. यात पिवळेपणा शिरांची शिस्त पाळत नाही. गडद पिवळे आणि हिरवे वेडेवाकडे ठिपके एकाच पानावर मिसळलेले दिसतात. तो सखल भाग शोधत नाही. आधी एखाददुसरे झाड, मग त्याच्या आजूबाजूची झाडे, असा पसरतो. पानाच्या मागे पांढरी माशी दिसली तर शंका बळावते, कारण विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते ती हीच. झाडात शिरलेला विषाणू बाहेर काढणारे कोणतेही औषध नाही. लक्षण दिसताच ती मोजकी झाडे उपटून नष्ट करणे, पिवळे चिकट सापळे लावणे आणि पांढऱ्या माशीला आवर घालणे एवढेच हाती उरते. उपटायला उशीर झाला, तर उपटण्यात अर्थ राहत नाही.

2023 साली विदर्भाने याचा फटका अनुभवला. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि सप्टेंबरमध्ये नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ आदी जिल्ह्यांत पिवळा मोझॅक व मुळकूज यांनी उभी शेते पिवळी केली. वर्षानुवर्षे घरोघरी पेरला गेलेला 'जेएस 335' हा वाण या रोगाला सहज बळी पडतो, हेही तेव्हा पुन्हा दिसले. वाणाचा निर्णय जूनमध्ये होतो, रोग ऑगस्टमध्ये येतो.

खोडमाशीचा प्रकार निराळा. झाड मरगळते, पाने पिवळी होतात. पण खोड उभे चिरले, की आत लालसर बोगदा दिसतो. ब्लेडच्या एका चिरेने निकाल लागतो. या झाडावर सूक्ष्म अन्नद्रव्ये फवारणे म्हणजे दाढ दुखत असताना डोळ्यांत औषध घालणे.

चुकीच्या निदानाची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनला क्विंटलमागे 5,328 रुपये हमीभाव जाहीर केला. बाजारात तो प्रत्येकाला मिळतोच असे नाही. अशा पिकावर एक अनावश्यक फवारणीही जड जाते. त्याहून गंभीर बाब म्हणजे पंप पाठीवर घेणाऱ्याचा जीव. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. अनेक कीटकनाशके एकत्र मिसळण्याची सवय तेव्हा चर्चेत आली होती. 'सगळेच मारून पाहू' हा मार्ग किती महाग पडतो, याचे ते उदाहरण आहे.

मृदा आरोग्य पत्रिका या ठिकाणी उपयोगी पडते. 2015 पासून सुरू असलेल्या या योजनेतील पत्रिकेवर बारा घटक नोंदलेले असतात. शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे पाहतो आणि कागद घडी करून ठेवतो. पिवळ्या पानांसाठी मात्र सामू आणि लोहाचा आकडा एकत्र वाचावा लागतो. सामू आठच्या पुढे असेल, तर दुसऱ्या आकड्यावर फार विसंबता येत नाही.

शहरातील गॅलरीत कुंडीतली जास्वंद किंवा कढीपत्ता पिवळा पडतो, तेव्हाही हाच क्रम लागू होतो. शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर खत घालण्याआधी कुंडीच्या तळाचे छिद्र बुजले आहे का, हे पाहावे. रोज घातलेले पाणी अनेक कुंड्यांत तळाशी तुंबलेले असते.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात सोयाबीन शेवटचे एकदा पिवळे पडते. खालपासून वरपर्यंत सारीच पाने पिवळी होऊन गळतात, शेंगा तांबूस होतात आणि हलवल्या असता दाणे खुळखुळतात. ही पक्वता आहे. तिला कोणतीही फवारणी लागत नाही. लागतात ते मजूर, मळणीयंत्र आणि चार दिवसांची उघडीप. ती उघडीप मिळाली नाही, तर शेंगेतच कोंब फुटतात.