उंच पोर आणि छातीतली मोठी रक्तनळी

आपल्या गटात कुणाची मुलगी उंच, शेलाटी असली की आपण कौतुकानं म्हणतो, पोर ताडासारखी वाढली. कौतुक खरंच आहे, आणि नुसती उंची म्हणजे आजार नव्हे. पण उंचीबरोबर हात फार लांब, बोटं कोळ्याच्या पायांसारखी बारीक, छातीचं हाड आत गेलेलं किंवा बाहेर आलेलं आणि लहानपणापासून जाड चष्मा असेल, तर एकदा हृदय तपासून घ्यावं. अंगठा तळहातावर आडवा ठेवून मूठ मिटायला सांगा. अंगठ्याचं अख्खं नख करंगळीकडून बाहेर डोकावलं, तर डॉक्टरांना दाखवा. या आजाराला मारफान म्हणतात.

फ्लो हायमन ही अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू होती. उंची सहा फूट पाच इंच, १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये संघाला रौप्यपदक. १९८६ साली जपानमध्ये सामना चालू असताना ती बाकावर बसली आणि तिथंच कोसळली. वय ३१. शवविच्छेदनात कळलं की तिला मारफान होता आणि महाधमनी फाटली होती. मग तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही तोच आजार निघाला, आणि त्याच्यावर वेळेत शस्त्रक्रिया झाली.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तनळी. मारफानमध्ये तिच्या भिंतीचा चिवटपणा जन्मापासून कमी असतो. सायकलची ट्यूब पातळ जागी फुगते, तशी ही नळी हृदयाजवळ फुगत जाते. दुखत काहीच नाही, हीच तर अडचण! फुगलेली नळी टूडी इकोवर दिसते. मोठ्या माणसात ती साधारण ३ ते साडेतीन सेंटिमीटर असते. मारफानमध्ये ५ च्या आसपास गेली की डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. घरात कुणाची नळी फाटली असेल तर त्याआधीच. फाटल्यावर धावपळीत केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा आधी ठरवून केलेली कितीतरी सुरक्षित.

शस्त्रक्रियेत फुगलेला भाग काढून कापडी नळी शिवतात. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या दोन बारीक नळ्यांची तोंडं त्या नव्या नळीला जोडतात. लंडनच्या बेंटॉल यांनी १९६८ मध्ये सांगितलेल्या पद्धतीत झडपही बदलतात. झडप धातूची असली तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, रक्ताची तपासणीही वरचेवर. ही गोळी पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते. म्हणून ज्या मुलीला अजून मूल व्हायचं आहे, तिच्या घरच्यांनी एवढं जरूर विचारावं: तिची स्वतःची झडप राखता येईल का? टोरांटोच्या डेव्हिड यांनी तशी पद्धत काढली आहे. झडप चांगली असेल तरच ती जमते.

गरोदरपणात या नळीवर ताण वाढतो, त्यामुळे इको दिवस राहण्याआधी व्हायला हवा. आमच्या मते तो लग्नाच्या बोलणीआधीच झालेला बरा, आणि मुलाचाही. आजार आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. सुनेला बोल लावायचं काही कारण नाही. चौघांतल्या एकाच्या घरात तर तो आधी कुणालाच नसतो.

शस्त्रक्रियेनंतरही रक्तदाबाची गोळी आणि ठरल्या वेळी तपासणी सुटत नाही, कारण उरलेली नळी तीच असते. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. आणि अशा माणसाच्या छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली, तर गॅस समजून ओवा देत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि मारफान आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.